खुब्याचा सांधा बदलल्यानंतरचे पहिले सहा आठवडे : चाल पुन्हा कशी बसवावी

पायवाट (धागाकर्ती)

मी फिजिओथेरपिस्ट असून मिरज-सांगली परिसरात रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. १८९४ साली मिशनचे रुग्णालय सुरू झाल्यापासून मिरज शस्त्रक्रियांसाठी ओळखले जाते. त्यामुळे जत, कवठेमहांकाळ, अथणी अशा भागांतून लोक येथे येतात, खुब्याचा सांधा बदलून घेतात आणि तीन-चार दिवसांत वॉकर घेऊन गावी परततात. त्यांची खरी परीक्षा तिथेच सुरू होते, कारण रुग्णालयात उठवायला, चालवायला आणि चुकले तर सांगायला माणसे असतात. घरी मात्र एक शेजारी "अजिबात हलू नका" म्हणतो आणि दुसरा "आमच्या मामांनी पंधरा दिवसांत काठी टाकली" असे सांगतो. हे दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले असले तरी दोन्ही घातक ठरू शकतात.

"हलू नका" या सल्ल्याच्या मुळाशी एक जुनी वस्तुस्थिती आहे. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, त्या काळी सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी मांडीच्या हाडाचा वरचा, स्नायू जोडलेला उंचवटा कापून तो पुन्हा तारेने बांधत असत आणि तो जुळेपर्यंत रुग्णाला बरेच दिवस अंथरुणात ठेवावे लागे. आज बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये ते हाड कापले जात नाही. सांधा हाडात पक्का करायला सिमेंट वापरले असेल तर ते शस्त्रक्रियागृहातच काही मिनिटांत घट्ट होते. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यात हाड वाढून तो पुरता एकजीव व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, पण तोही मुळातच घट्ट ठोकून बसवलेला असतो. म्हणून बहुसंख्य रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, सोसवेल तेवढा भार देऊन, उभे केले जाते. हाडाला चीर गेली असेल, दुसऱ्यांदा सांधा बदलला असेल किंवा हाडाचे कलम लावले असेल तर शल्यविशारद भार मर्यादित ठेवायला सांगतात आणि अशा वेळी त्यांचा शब्द अंतिम मानावा.

मग अशक्त काय असते? कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडू नये म्हणून तो ओढून धरतो. शरीराचा भार सांध्यापासून लांब पडतो आणि हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळून ओढतो, म्हणून त्याला फार जोर लावावा लागतो. परिणामी साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक वर्षे वेदनेमुळे या स्नायूला विश्रांती मिळालेली असते आणि शस्त्रक्रियेत आसपासच्या स्नायूंना थोडीफार इजा होते. थोडक्यात, वेदना गेली तरी लंगडणे आपोआप जात नाही, कारण ते अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे पहिल्या सहा आठवड्यांत "किती चाललात" यापेक्षा "कसे चाललात" हा प्रश्न मी अधिक महत्त्वाचा मानते.

वॉकरने चालताना आधी वॉकर, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला पाय हा क्रम ठेवावा. टाच आधी टेकवावी आणि दोन्ही पावले सारख्या लांबीची पडू द्यावीत. बहुतेक जण शस्त्रक्रियेचा पाय पुढे टाकतात आणि चांगला पाय केवळ त्याच्याशेजारी आणून ठेवतात, त्याऐवजी तो त्याच्या पुढे गेला पाहिजे. वळताना पाय जमिनीला रोवून अंग फिरवू नये, लहान लहान पावलांनी वळावे. खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकावे, शस्त्रक्रियेचा पाय थोडा पुढे ठेवावा आणि हातांनी खुर्चीचे दांडे दाबून उठावे; वॉकरला धरून स्वतःला वर ओढल्यास तो अंगावर कलंडतो. पहिले काही दिवस अंथरुणातून उठल्याबरोबर चक्कर येऊ शकते, कारण रक्त गेलेले असते आणि वेदनाशामकांचाही परिणाम असतो. म्हणून पाय खाली सोडून थोडा वेळ बसावे, घोटे हलवावेत आणि मगच उभे राहावे.

व्यायाम साधेच आहेत. घोटे वर-खाली करणे, गुडघा सरळ ठेवून मांडी आवळून धरणे, कुल्ले आवळणे, पाठीवर झोपून टाच गादीवरून सरकवत गुडघा ठरलेल्या मर्यादेत वाकवणे आणि पाय बाजूला सरकवून पुन्हा मूळ जागी आणणे, इतके सुरुवातीला पुरते. उभे राहता येऊ लागल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून पाय बाजूला नेणे, किंचित मागे नेणे आणि गुडघा थोडा वर उचलणे हे वाढवता येते. पाठीमागचा सांधेकोश (सांध्याभोवतीचे आवरण) न उघडता पुढून शस्त्रक्रिया झालेल्यांनी पाय मागे नेण्याचा प्रकार विचारल्याशिवाय करू नये. दिवसातून एकदा तासभर घाम गाळण्यापेक्षा दर एक-दोन तासांनी थोडे चालणे आणि तीन-चार वेळा व्यायाम करणे अधिक लाभते. मात्रा बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते : रात्रभराच्या विश्रांतीनंतरही दुखणे आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर थोडे कमी करावे, पण थांबू नये.

इतर सदस्यांचे अनुभव आणि प्रश्न वाचायला आवडतील.

केवडा

अत्यंत वेळेवर आलेला धागा. माझ्या आईची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात कोल्हापुरात आहे आणि त्यानंतर ती राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घरी राहणार आहे. त्या घरात प्रत्येक खोलीला उंबरठा आहे, न्हाणीघर दोन पायऱ्या उतरून आहे, संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि आई आजवर पाटावर बसून जेवत आली आहे. शहरातल्या सदनिकांसाठी लिहिलेल्या सूचना वाचून मला आमच्या घराचे काय करायचे ते काहीच कळत नाही. शिवाय आई नऊवारी नेसते.

पायवाट

केवडाताई, शस्त्रक्रियेआधी विचारत आहात हे फार चांगले, कारण घराची तयारी रुग्ण घरी येण्यापूर्वीच व्हायला हवी. आईंच्या गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. त्यांची खुर्ची, पलंग आणि कमोड या सगळ्यांची उंची त्या मापापेक्षा दोन-तीन इंच अधिक हवी, म्हणजे बसल्यावर खुबा गुडघ्याच्या वर राहतो. गादी दबते हेही लक्षात घ्या. पलंग बुटका असेल तर गावातल्या सुताराकडून खाचा पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्या, मात्र पलंगाचे पाय त्या खाचांत घट्ट बसले पाहिजेत. नुसत्या विटा ठेवू नका, त्या सरकतात. खुर्ची दांड्यांची आणि टणक बैठकीची हवी. आरामखुर्ची, झोपाळा आणि प्लॅस्टिकची हलकी खुर्ची या काळात नकोच.

भारतीय संडासावर ठेवायची चार पायांची कमोड खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. तिचे पाय फरशीवर सरकत नाहीत ना आणि वॉकरसकट आत वळायला जागा उरते ना, हे आधी स्वतः वळून पाहा. जागा उरत नसेल तर पहिले काही आठवडे भांडे लावलेली कमोड खुर्ची खोलीतच ठेवणे अधिक सुरक्षित. त्यात लाजण्यासारखे काही नाही हे आईंना शस्त्रक्रियेआधीच समजावून सांगा, कारण नंतर संकोचापोटी पाणी कमी पिणाऱ्या पुष्कळ बायका मी पाहिल्या आहेत आणि त्याचा त्रास त्यांनाच होतो.

उंबरठ्यांविषयी : ज्या खोलीतून संडास-न्हाणीकडे जाताना सर्वांत कमी उंबरठे लागतात, त्या खोलीत आईंचे अंथरूण लावा, मग ती माजघर असो की पडवी. उंबरठा ओलांडताना अगदी जवळ जावे, वॉकरचे चारही पाय पलीकडे टेकवावेत, हातांवर भार घेऊन शस्त्रक्रियेचा पाय पलीकडे टाकावा आणि मग चांगला पाय न्यावा. सोबत असलेल्या माणसाने शस्त्रक्रियेच्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे आणि दंड धरून ओढण्याऐवजी कमरेच्या पट्ट्याला हात ठेवावा. न्हाणीघराच्या दोन पायऱ्यांच्या भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या. तोपर्यंत अंग पुसून घेतले तरी चालते, नाहीतरी टाके निघेपर्यंत जखम कोरडीच ठेवायची असते. पायपुसणी, गोणपाट, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी हे सगळे उचलून ठेवा.

नऊवारी मात्र काही आठवडे बाजूला ठेवावी लागेल. घोट्याच्या वर राहणारा गाऊन सर्वांत सोयीचा. साडीच हवी असेल तर ती आखूड नेसवून पदर खोचून द्यावा, म्हणजे निऱ्या वॉकरच्या पायात येणार नाहीत. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे वापरावीत, सैल चप्पल नको.

वाईकर_गुरुजी

मी सेवानिवृत्त शिक्षक असून माझ्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे. धागाकर्तीने काठीविषयी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे, कारण वॉकर सुटून काठी आल्यानंतर मी ती उजव्या हातात धरतो हे पाहून भेटायला येणारा प्रत्येक जण मला थांबवतो आणि "दुखरी बाजू डावी, मग काठी डावीकडे धरा" असे सांगतो. माझ्या फिजिओथेरपिस्टने उजवा हातच सांगितला होता आणि मी तेच करत आलो. प्रत्यक्ष करून पाहिल्यावर फरक लगेच जाणवतो : उजव्या हातात काठी असली की अंग सरळ राहते, डाव्या हातात घेतली की ते डावीकडे झुकते.

जिन्याची मला फार भीती वाटत होती. वर जाताना चांगला पाय आधी आणि खाली येताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे सूत्र मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून जिन्याच्या भिंतीवर चिकटवले. आमच्या घराचा जिना जुन्या पद्धतीचा, उंच पायऱ्यांचा असल्यामुळे एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या हातात काठी, एका पायरीवर दोन्ही पाय आणूनच पुढची पायरी, असा नियम ठेवला. पत्नी उतरताना माझ्या एक पायरी खाली उभी राहत असे. भीती कमी होण्यास सर्वांत जास्त उपयोग झाला तो रुग्णालयातून निघण्यापूर्वी तिथल्या जिन्यावर केलेल्या सरावाचा. ज्यांच्या घरी जिना आहे त्यांनी हा सराव मागून घ्यावा, तो झाल्याशिवाय घरी जाऊ नये.

पायवाट

गुरुजींनी बरोबरच केले. काठी नेहमी विरुद्ध हातात धरायची असते. उजव्या हाताने जमिनीवर दिलेला दाब सांध्यापासून लांब असल्याने थोडा असला तरी मोठे काम करतो आणि डाव्या कुल्ल्याच्या स्नायूवरचा ताण बराच हलका होतो. काठी आणि शस्त्रक्रियेचा पाय एकाच वेळी पुढे पडले पाहिजेत. काठीची उंची ठरवताना पादत्राणे घालून, हात सैल सोडून सरळ उभे राहावे. मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतो. खालचे रबरी बूच झिजले की लगेच बदलावे.

काठी कधी सोडायची, या प्रश्नाला तारखेत उत्तर देता येत नाही. घरातल्या कोणाला तरी मागून आणि पुढून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. काठीशिवाय चालताना खांदे प्रत्येक पावलाला बाजूला झुकत असतील किंवा कंबर एका बाजूला पडत असेल तर काठीची गरज अजून आहे. कोणाला ते चार आठवड्यांत जमते, कोणाला तीन महिने लागतात आणि दोन्ही स्वाभाविक आहे. लंगडत काठीशिवाय चालणारा माणूस घरच्यांना "बरा झाला" असा वाटतो, पण तो रोज लंगडण्याचाच सराव करत असतो, आणि हा सराव पुढे मोडून काढणे किती कठीण जाते हे मी नेहमी पाहते. म्हणून काठी लवकर टाकण्याची शर्यत घरात कोणीही लावू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हिरवाई

माझ्या सासूबाईंना "नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचे नाही, पाय पायावर टाकायचा नाही, दोन पायांत उशी घेऊनच झोपायचे" असे बजावले आहे. माझ्या मावसभावाला मात्र दुसऱ्या शहरातील शल्यविशारदांनी "कोणतेही बंधन नाही" असे सांगितले. शस्त्रक्रिया एकच असताना इतका फरक का? सासूबाई आता विचारतात की आपलीच शस्त्रक्रिया कमी दर्जाची झाली का.

अस्थिसंधी

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सासूबाईंनी असे मुळीच समजू नये. सांध्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि बंधने त्यांनुसार बदलतात. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया केल्यास पाठीमागचा सांधेकोश आणि लहान स्नायू उघडून पुन्हा शिवलेले असतात. ते भरून येईपर्यंत खुबा फार वाकणे, पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जाणे आणि पाऊल आत वळणे या तीन हालचाली, विशेषतः एकत्र झाल्या तर, मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. पुढच्या बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत धोका उलट दिशेला असतो, म्हणजे पाय फार मागे जाऊन पाऊल बाहेर वळण्यात. बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत निसटण्याची भीती तुलनेने कमी, पण कुल्ल्याच्या स्नायूला जपावे लागते.

दुसरे कारण गोळ्याच्या आकाराचे. चार्नली यांच्या सांध्याचा गोळा सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा होता. आज ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे गोळे सर्रास वापरले जातात आणि मोठ्या गोळ्याला वाटीतून बाहेर पडण्यासाठी अधिक अंतर सरकावे लागते. त्यामुळे काही शल्यविशारद निवडक रुग्णांना बंधने शिथिल करतात. ज्यांच्या कण्याचे मणके जोडलेले आहेत, ज्यांचे स्नायू फार क्षीण आहेत किंवा ज्यांना सूचना लक्षात राहत नाहीत, त्यांच्याबाबत आम्ही अधिक कडक असतो. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर जे लिहिले आहे तेच तुमचे. दुसऱ्याच्या कार्डावरचे नियम उसने घेऊ नयेत.

मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांचा सांधा निसटण्याचा धोका प्रत्यक्षात कधी येतो ते सांगतो. खुर्चीत बसल्या बसल्या खाली पडलेला चष्मा उचलताना. पायांशी असलेले पांघरूण वर ओढून घेताना. बुटक्या स्टुलावर बसून आंघोळ करताना. मोजा घालण्यासाठी गुडघा आत वळवून पाऊल बाहेरच्या बाजूने वर घेताना. शस्त्रक्रियेचा पाय रोवून त्याच बाजूला अंग वळवताना, कारण पाय जागीच राहिला आणि कंबर फिरली की सांध्याच्या दृष्टीने पाऊल आत वळल्यासारखेच होते. लांब दांड्याचा चिमटा आणि लांब शूहॉर्न या दोन वस्तू त्यासाठी घरात असाव्यात. अचानक असह्य वेदना होऊन पाय आखूड दिसू लागला, आत किंवा बाहेर वळून राहिला आणि त्यावर उभे राहता येईना, तर सांधा निसटला असे समजून पाय न ओढता, न चोळता रुग्णाला आडवे ठेवूनच रुग्णालयात आणावे.

लेस्टरवासी

माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया येथे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत झाली. सर्वांत कौतुकाची वाटली ती पूर्वतयारी : शस्त्रक्रियेच्या आधीच आम्हाला एक तक्ता भरायला दिला होता आणि त्यात वडिलांच्या खुर्चीची, पलंगाची व कमोडची उंची मोजून लिहायची होती. त्यानुसार कमोडवरची उंच बैठक आणि पलंगाखालचे ठोकळे त्यांनीच उसने दिले. दुसऱ्याच दिवशी वडील कुबड्यांवर घरी आले.

एक अडचण मात्र कोणी सांगितली नव्हती. दोन्ही हात कुबड्यांत गुंतल्यामुळे वडिलांना चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येईना आणि आम्ही दोघेही दिवसभर कामावर. अखेर घट्ट झाकणाचा थर्मास, मोबाइल आणि औषधे ठेवण्यासाठी गळ्यात आडवी अडकवायची कापडी पिशवी शिवली. लहानशी गोष्ट आहे, पण त्या पिशवीमुळे वडील तहान लागली की स्वतः उठू लागले, आणि त्यामुळे चालणे आपोआप वाढले.

मोगरा_नाशिक

मी आईची काळजी घेते आहे. दोन प्रश्न आहेत. आमच्याकडे बाळंतिणींना मालिश करणाऱ्या एक अनुभवी मावशी आहेत. पाय सुजला आहे म्हणून तेल चोळून, शेक द्यावा असा घरच्यांचा आग्रह आहे. दुसरे म्हणजे आई रात्री झोपत नाही, सारखी घाबरून पाय धरून बसते आणि "हा पाय माझा वाटत नाही" म्हणून रडते.

अस्थिसंधी

मोगराताई, मालिश कृपया थांबवा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो, म्हणूनच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने बहुधा पाच आठवड्यांपर्यंत दिली जातात. पोटरी जोरात चोळली आणि आत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताज्या जखमेजवळ तेल आणि शेकही नको. संध्याकाळी घोटा आणि पाऊल सुजणे, दिवसभर चालल्यावर ती सूज वाढणे आणि रात्री पाय उंच ठेवल्यावर उतरणे, हे कित्येक आठवडे चालू राहू शकते आणि ते अपेक्षितच आहे. पण पोटरी टणक होऊन दुखू लागली, सूज सकाळीही उतरली नाही, अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा. जखमेतून पाणी किंवा पू झिरपणे, वाढता लालसरपणा, थंडी वाजून ताप येणे आणि पाऊल वर उचलता न येणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका आणि दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामके त्यांच्यासोबत देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

पायवाट

सूज उतरवण्यासाठी दुपारी तासभर आईंना पाठीवर आडवे करून टाचेपासून मांडीपर्यंत संपूर्ण पायाखाली उशा लावा. केवळ गुडघ्याखाली एक उशी ठेवून तासन्‌तास पडून राहू नये, त्याने खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग चालताना माणूस पुढे झुकतो. जखमेवर कोरडे कापड ठेवून त्यावरून बर्फाची पिशवी पंधरा-वीस मिनिटे ठेवता येते.

झोपेचे म्हणाल तर हा त्रास जवळजवळ सगळ्यांनाच होतो. पाठीवर झोपायची सवय नसते, कुशीवर वळायची भीती वाटते. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर चांगल्या कुशीवर वळवा, पण दोन्ही पायांत मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल अशी जाड उशी घट्ट असू द्या. झोपण्याच्या आधी थोडे चालणे आणि वेदनाशामक रात्रीसाठी योग्य वेळी देणे याचाही उपयोग होतो. शौचाला साफ होते का तेही विचारा, कारण काही वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ होते आणि वयस्कर माणसे ते सांगत नाहीत.

"हा पाय माझा वाटत नाही" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते अगदी खरे असते. वर्षानुवर्षे आखडलेला पाय सरळ झालेला असतो, जखमेभोवतालची त्वचा बधिर असते आणि स्नायू ऐकत नाहीत. आईंना रडू द्या, "आता काय झाले रडायला" असे म्हणू नका. त्यांना स्वतःच्या हाताने मांडीवरून, जखम टाळून, हात फिरवायला सांगा आणि आवळलेला स्नायू बोटांखाली कसा टणक होतो ते दाखवा. त्या स्पर्शाने अनेकांचा पायावरचा विश्वास परत येऊ लागतो.

तिसरा_मजला

वय ३८, पुणे, संगणक क्षेत्रात नोकरी. गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे, म्हणजे एव्हीएनमुळे, एका बाजूचा सांधा बदलला. शस्त्रक्रियेचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो आणि बुटात उंच तळवा घालावा का असा विचार करतो आहे. घरून काम सुरू केले तर किती वेळ बसावे? आणि मांडी घालून बसणे कायमचे गेले का?

अस्थिसंधी

पाय लांब वाटण्याची तक्रार पहिल्या काही आठवड्यांत फार सामान्य आहे. पुष्कळदा हाडांची लांबी सारखीच असते, पण कुल्ल्याचे स्नायू आखडल्यामुळे कंबर तिरकी होते आणि पाय लांब भासतो. स्नायू सैल झाले की ही भावना कमी होत जाते. आत्ताच उंच तळवा घातला तर कंबर तिरकीच राहायला शिकेल, म्हणून तपासणीत प्रत्यक्ष मोजमाप होईपर्यंत थांबावे. मांडी घालण्याविषयी सरसकट उत्तर देणार नाही. मांडी घालताना पाय खुब्यात आत वळत नाही, मांडी बाहेर वळते आणि बऱ्याच रुग्णांना ते पुढे जमते, पण सांध्याचा प्रकार, वाटीचा कोन आणि शस्त्रक्रियेची वाट पाहून तुमच्या शल्यविशारदांनीच सांगायचे. उकिडवे बसणे ही वेगळी आणि अधिक जोखमीची गोष्ट आहे. पहिल्या सहा आठवड्यांत दोन्हीही नको.

पायवाट

एका वेळी पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका. मोबाइलवर गजर लावा, उठा, एक फेरी मारा आणि शक्य असल्यास काही काम उंच टेबलाशी उभे राहून करा. तरुण रुग्णांना मी एक गोष्ट आग्रहाने सांगते : वेदना अचानक थांबल्यामुळे तुम्हाला खूप काही करावेसे वाटेल, पण आतले स्नायू आणि सांधेकोश भरून यायला वयाने तरुण असलात तरी आठवडेच लागतात. तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून एकदा, सोबत कोणी असताना उतरा. दुचाकीची घाई नको. चारचाकी चालवण्याची परवानगी साधारण सहा आठवड्यांनंतर, जोरात ब्रेक दाबता येतो हे पाहून मिळते.

केवडा

सर्वांचे मनापासून आभार. सुताराला ठोकळे सांगितले आहेत आणि आईचे अंथरूण पडवीत लावायचे ठरले. शेवटचा प्रश्न : टाके काढायला आणि पुढे सहा आठवड्यांच्या तपासणीला कोल्हापूरला न्यावे लागेल. घाटातला प्रवास आहे. एसटीने नेता येईल का?

पायवाट

एसटीच्या पायऱ्या उंच असतात, बैठकीत पाय पसरायला जागा नसते आणि घाटात वळणांवर अंग सावरावे लागते, म्हणून या काळात एसटी आणि रिक्षा दोन्ही टाळा. टाके किंवा स्टेपल बहुधा दहा ते चौदा दिवसांत काढतात. ते काम राजापूरला करून चालेल का ते शल्यविशारदांना विचारा, एक फेरी वाचेल. तपासणीला मात्र न्यावेच, कारण एक्स-रे तिथेच पाहिला जाईल.

मोटार फार बुटकी नको आणि फार उंचही नको. चालकाशेजारची बैठक पूर्ण मागे सरकवून तिची पाठ तिरकी करा आणि बैठक खोलगट असेल तर घट्ट उशी घाला. मोटार फुटपाथला किंवा चौथऱ्याला लागून न लावता सपाट रस्त्यावर उभी करा. आईंनी मोटारीकडे पाठ करून पायांना कडा लागेपर्यंत मागे यावे, शस्त्रक्रियेचा पाय पुढे ठेवून आधी बसावे, चालकाच्या दिशेने मागे सरकावे आणि मग अंग मागे रेलून दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. बैठकीवर प्लॅस्टिकची पिशवी पसरली तर वळणे सोपे जाते. निघण्यापूर्वी ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागल्यावर त्या पुढे घसरतील. वाटेत दर तासाला थांबून त्यांना उतरवा, वॉकरने थोडे चालवा आणि गाडीत बसल्या बसल्या घोटे हलवत राहायला सांगा. वॉकर मागच्या डिकीत सामानाखाली दाबून ठेवू नका, पहिल्या थांब्यालाच लागेल. तपासणीच्या वेळी भार किती द्यायचा, काठी कधी घ्यायची, कोणती बंधने उठली आणि कोणती राहिली, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरेही तिथेच लिहून घ्या.